पितळी बुशावरच्या खुणा

तोंडावर त्यांना सगळे मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे काटकोन. जेवायला बसले तरी ताट टेबलाच्या कडेशी सरळ करून घेतल्याशिवाय पहिला घास तोंडात जात नसे. बायको म्हणायची, "यांच्या घरात एक मीच तेवढी वाकडी राहिलेय, तीही हट्टानं."

घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा लाकूडकामाचा कारखाना होता. मुलगी शिक्षण संपवून तिथेच काम करू लागली होती. मोजमाप आणि नकाशे तिचे, मशीन त्यांचं, अशी वाटणी आपोआप झाली होती. उभं आयुष्य त्यांनी पेन्सिलीच्या रेघेवर काम केलं. रेघ मारायची आणि नुसत्या हातानं राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं मशीन, त्या रेघेवरून न्यायचा. बघणाऱ्याचा श्वास अडकायचा, पण रेघ कधी सुटली नाही.

मग एकाएकी त्यांनी रेघ सोडली. जे काही कापायचं, त्याचा आधी प्लायवुडचा फर्मा, म्हणजे साचा, करायचा, असा नेम झाला. राउटरच्या तळाला त्यांनी ॲक्रिलिकची जाड, पारदर्शक बेस प्लेट बसवून घेतली. तिच्या मधोमध पितळेची एक आखूड नळी बसते, तिला बुश म्हणतात. पातं त्या नळीतून खाली उतरतं. नळी फर्म्याच्या कडेला टेकून सरकत राहते आणि खालच्या लाकडात तोच आकार उतरतो. नळीच्या जाडीमुळे पातं कडेपासून जरा आत राहतं, तेवढी जागा फर्म्यात आधीच वाढवून ठेवायची असते. तो हिशेब मुलगी करायची.

"रेघ हातावर अवलंबून असते, फर्मा नसतो," ते म्हणायचे. मुलीला वाटलं, बाबा या वयात नवं शिकताहेत. तिला कौतुकच वाटलं. चष्मा सारखा विसरतात आणि पट्टीवरचे आकडे आपल्याला वाचायला लावतात, एवढंच तिला खटकायचं. एकदा त्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेवर अर्धा बाहेर ठेवला होता. काटकोनानं! ती हसली, कप आत सरकवला आणि विसरून गेली.

एका बेकरीवाल्यानं जुनी बेकरी पाडली, तेव्हा छताच्या तुळया फेकायला त्याचं मन होईना. त्याचे वडील त्याच तुळयांखाली आयुष्यभर पाव भाजत होते. त्यातल्या शाबूत निघालेल्या लाकडातून दोनच लांब फळ्या मिळाल्या. "नव्या घराच्या जिन्याच्या दोन बाजू यांच्याच करा," तो म्हणाला. "बिघडली तर तिसरी फळी नाही हं, मिस्त्री."

"बिघडेल कशाला?" ते म्हणाले.

दोन्ही फळ्यांत पायऱ्या बसवायला तिरक्या खाचा करायच्या होत्या. खाच पायरीपेक्षा थोडी रुंद ठेवायची, म्हणजे खालच्या बाजूनं पाचर ठोकून पायरी घट्ट बसवता येते. पहिली फळी सुरेख झाली. कापताना लाकडातून धुराचा जुना वास येत होता.

दुसऱ्या फळीच्या दिवशी बेकरीवाला स्वतः बघायला आला आणि दाराशी उभा राहिला. मिस्त्रींनी पातं बदललं, मग बुशांची पेटी पुढे ओढली. दोन बुश हातात घेतले, कडांवरून अंगठा फिरवला, एक परत ठेवला. मुलीला त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्यांनी कानांवर आवाज अडवणारं कव्हर चढवलं आणि मशीन सुरू केलं.

उघड्या पेटीचं झाकण लावायला ती वाकली, तेव्हा परत ठेवलेला बुश तिला नीट दिसला. कडेवर कानशीनं घासलेल्या दोन बारीक खुणा होत्या. शेजारच्यावर तीन होत्या, पलीकडच्यावर एक. मापाचे आकडे तर प्रत्येक बुशावर ठळक कोरलेले होते. मग या खुणा कोणासाठी?

विसरलेले चष्मे, पट्टीवरचे आकडे, तो कप, सगळं एकदम तिच्यासमोर उभं राहिलं.

तिनं वर पाहिलं. राउटर दुसऱ्या खाचेत होता. भुसा उडत होता आणि त्या भुशात मध्येच काहीतरी पिवळं चमकत होतं. पितळ! पारदर्शक बेस प्लेटमधून तिला दिसलं, बुश धरून ठेवणारी रिंग आट्यांवर वाकडी बसली होती आणि सुटत चालली होती. बुश कलला होता. पातं त्याला घासत होतं. आणखी थोडं कललं असतं तर पातं फुटून कुठेही उडालं असतं आणि बाबांचा चेहरा तर बरोबर वरच होता.

ओरडून उपयोग नव्हता, कान बंद होते. खांद्याला हात लावला तर ते दचकणार आणि मशीन हातातून उसळणार. ती भिंतीकडे धावली आणि राउटरचं बटण बंद केलं.

आवाज उतरत उतरत थांबला. मिस्त्रींनी राउटर आहे तिथेच दाबून धरला होता. मग हळूच कानांवरचं काढून त्यांनी विचारलं, "काय झालं?"

बेकरीवाला दोघांकडे बघत होता. त्याच्यासमोर काय सांगणार? मुलीच्या तोंडून निघून गेलं, "लाईट गेली, बाबा."

डोक्यावर ट्यूब लख्ख जळत होती. पंखा गरगरत होता.

"हो," मिस्त्री म्हणाले. "गेली वाटतं."

बेकरीवाल्यानं ट्यूबकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग मिस्त्रींच्या हाताकडे. तो हात अजून राउटर दाबून धरून होता. "आमच्याकडेही जाते अधूनमधून," तो म्हणाला. "मी येतो नंतर." आणि निघून गेला.

दार लागल्याबरोबर मिस्त्री कडाडले, "चालू मशीन बंद करतात का कधी? कोणी शिकवलं तुला?"

"रिंग सुटली होती. बोट लावून बघा."

त्यांनी प्लग काढायला लावला, राउटर उलटा केला आणि बोट लावलं. बुश डुगडुगत होता. त्यांचा आवाज खाली आला. "आवाज बदलला होता. मला वाटलं, गाठ आली लाकडात."

"बाबा, किती दिसतं तुम्हाला?"

ते स्टुलावर बसले.

"कडेकडेचं दिसतं. मधलं नाही. तुझ्याकडे बघतो ना, तेव्हा तुझे कान दिसतात."

तिला हसू आलं आणि रडूही. "आईला माहीत आहे?"

"खुणा तिनंच घासल्यात."

म्हणजे घरात तिच्यापासूनच लपवलं होतं! ती इतकी चिडली की हातातला पाना तिनं बाकावर आपटला. "मलाच का नाही सांगितलं?"

"तुला त्या फर्निचरच्या कंपनीतून नोकरीचं बोलावणं आलंय. तू माझ्या डोळ्यांपायी इथे अडकली असतीस."

"आणि पातं डोळ्यात गेलं असतं तर मोकळी झाले असते का मी?"

त्यांनी फळीकडे हात केला. "कुठे लागलंय?"

तिनं फुंकर मारून भुसा उडवला. खाचेच्या कडेला पात्यानं एक चावा घेतला होता.

"वरच्या अंगाला की खालच्या?" त्यांनी विचारलं. वरचं अंग म्हणजे येता-जाता दिसणारी बाजू. तिथे असेल तर फळी गेली.

ती फळीच्या टोकाशी गेली. कोणतं टोक वर येणार ते पुन्हा ताडून पाहिलं, मग आणखी एकदा पाहिलं.

"खालच्या."

"खोल?"

"नाही. या खाचेवरचा पहिलाच, उथळ हात होता."

"मग पाचरेखाली जाईल. त्या पायरीला पाचर जाड घे." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "आता राउटर तू धर."

तिनं छोटी कामं केली होती, असलं नाही. तिनं रिंग आट्यांवर नीट बसवली, पात्याभोवती चारी बाजूंना सारखी जागा आहे ना ते पाहिलं आणि भंगारातल्या तुकड्यावर एक खाच करून मोजली. मिस्त्री बटणापाशी जाऊन उभे राहिले. शेवटची खाच होईपर्यंत तिचे जबडे दुखायला लागले होते आणि ते भिंतीला हात टेकून तसेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. उशीर झाला होता. एका डोळ्यातली उरलेली नजर तेवढी इंजेक्शनांनी टिकली, दुसऱ्यातली नाही. जिना वेळेवर बसला. कंपनीला तिनं नकार कळवला, तेव्हा बापलेकीत असं भांडण झालं की महिनाभर दोघं आईमार्फत बोलत होती. "त्यांना सांग," "तिला विचार" करता करता आई कंटाळली आणि एके दिवशी दोघांनाही उपाशी ठेवून बहिणीकडे निघून गेली. तेव्हा कुठे ती दोघं एकमेकांशी बोलली.

मिस्त्री आता मशीनला हात लावत नाहीत. फर्म्यांच्या कडा घासून गुळगुळीत करतात आणि झालेल्या कामावरून तळवा फिरवून चुका काढतात. मुलगी वैतागते, कारण बहुतेक चुका खऱ्या निघतात. मध्यंतरी एक नवं गिऱ्हाईक आलं. कोपऱ्यात पॉलिशपेपर घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याला त्यानं विचारलं, "मालक कुठे आहेत?"

मिस्त्रींनी मान वळवली, मुलगी दिसावी म्हणून जरा बाजूलाच.

"त्या काय, समोर उभ्या आहेत," ते म्हणाले.