पोरीशेजारी बसणारी

‘काळी हाय म्हणा की मोठ्यानं, आमच्या घरी आरसा होता,’ हे आमच्या धाकट्या जाऊबाईंचं सासरच्या उंबऱ्यातलं पहिलं वाक्य. माप ओलांडायला पाय उचललेला, डोक्यावर पदर, आणि मागं उभ्या असलेल्या चुलत सासवांची कुजबुज कानावर पडलेली. नव्या नवरीनं अशा वेळी मान खाली घालायची असते. हिनं मान वळवली आणि हसत हसत सांगून टाकलं. मी औक्षणाचं ताट घेऊन समोरच उभी होते. त्या घडीला मला तिचा जो हेवा वाटला, तो पुढं पंचवीसेक वर्षं वाटतच राहिला. माझ्या लग्नात मी त्याच उंबऱ्यावर रडले होते.

सासूबाईंनी आम्हा दोघींना कधी नावानं हाक मारली नाही. मी पेठ वडगावची म्हणून ‘वडगावची’, ती चंदगडची म्हणून ‘चंदगडची’. मी गोरी आहे. ‘हे फुशारकीनं सांगत नाही’ असं म्हणायची पद्धत आहे, पण मी फुशारकीनंच सांगते आहे, कारण जन्मल्यापासून लोकांनी माझ्याबद्दल आधी हेच सांगितलं. बी.कॉम.ला पहिला वर्ग मिळवला ते नंतर, तेही कुणाला आठवलं तर. चंदगडची गेल्या उन्हाळ्यात गेली. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं, आणि मी चांगलंच लिहिणार आहे. फक्त जळून लिहिणार आहे, कारण या बाईवर मी आयुष्यभर जळले.

पहिलं जळणं स्कूटरवरून. आमच्या कोल्हापुरात ऊन चढलं की गाडीवरच्या बायका डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड बांधतात. मीही बांधायची. वर हातमोजे, सनकोट, आणि निघण्याआधी पाव तास क्रीम. लहानपणापासून ‘उन्हात जाऊ नको, रापशील’ ऐकत वाढलेली मी, रंकाळा मला संध्याकाळीच माहीत. चंदगडची भर दुपारी उघड्या तोंडानं गाडी काढायची आणि माझा पहिला हातमोजा चढेपर्यंत कोपऱ्यावर पोचायची. ‘मला काळं पडायचं भ्या न्हाय, अक्का. तेवढा एक फायदा हाय बघा,’ असं वर ओरडून सांगायची. माझं तोंड बांधलेलं असल्यामुळं मला उत्तरही धड देता यायचं नाही.

दुसरी तिची खोड म्हणजे लोकांच्या बोलण्यातला ‘तरी’ पकडणं. शेजारच्या मावशी कौतुकानं म्हणाल्या, ‘चंदगडची काळी असली तरी कामाला वाघीण हाय.’ पीठ मळता मळता ही म्हणाली, ‘मावशी, त्यो ‘तरी’ काढा की. काळी हाय आणि कामाला वाघीण हाय. काय बिघडलं?’ मावशी चार दिवस आमच्याकडं आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या त्या तिच्याकडंच, माझ्याकडं नाही. मी आपली माणसं दुखावू नयेत म्हणून जन्मभर गोड बोलत आले, आणि माणसं बसायची तिच्याजवळ. हा कुठला न्याय, मला अजून कळलेलं नाही.

एकदा दिवाळीला आम्ही दोघी महाद्वार रोडवर साड्या घ्यायला गेलो. दुकानदारानं मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडं वळवला, पाणी मागवलं. साड्यांमागून साड्या माझ्या खांद्यावर टाकत ‘वहिनी, तुमास्नी काय बी खुलतंय’ म्हणाला. तिच्यापुढं मात्र न विचारता फिक्या रंगांचा गठ्ठा ठेवला. तिनं गडद जांभळी मागितली. ‘तुमच्या रंगाला ती जरा...’ तो अडखळला. ‘माझा रंग मी बघतो, तुमी साडी बघा,’ ती म्हणाली, आणि जांभळीच घेतली.

बाहेर पडल्यावर मला म्हणाली, ‘अक्का, तुमास्नी खुर्ची दिली बघा.’

‘दुकानात खुर्ची देतातच की,’ मी म्हणाले.

‘तुमास्नी देत्यात.’

एवढंच म्हणून ती भेळेच्या गाडीकडं वळली. मला खरंच वाटत होतं की दुकानात गेलं की खुर्ची मिळते, सगळ्यांनाच मिळते. त्या दिवसापासून मी बँकेत गेले, दवाखान्यात गेले, कुणाच्या लग्नाला गेले, की आधी खुर्ची दिसायची आणि मग बाजूला उभी असलेली दुसरी कुणीतरी बाई दिसायची. आयुष्यभर सुखानं बसत आलेल्या माणसाला असं उठवून द्यायची काही गरज होती का? मी तिच्यावर महिनाभर चिडून होते. ती जांभळी साडी तिला फार सुंदर दिसत होती, हेही त्या चिडण्यात मिसळलेलं होतं.

तिला दोन मुलगे झाले, दोघंही भावजींसारखे गोरेगोमटे. मला एकच मुलगी, आणि ती सासऱ्यांच्या वळणावर, सावळ्याच्याही पुढची. ‘देवानं पोरांची अदलाबदल केली गं,’ असं सासूबाई बारशात चारचौघींसमोर म्हणाल्या. मी तो रंग मनावर घेतला. दर रविवारी डाळीचं पीठ, साय आणि हळद कालवून मुलीला घासायची. मुलगी वाटी बघितली की पळायची आणि काकूच्या खोलीत जाऊन कडी घालायची. आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. मी बाहेर वाटी घेऊन उभी. ‘अक्का, त्यात जरा कांदा-मिरची घाला, भजी तरी हुतील,’ आतून आवाज यायचा. मुलीला ताप आला तरी ती आधी ‘काकू’ म्हणून हाक मारायची. पोटच्या लेकराची हाक दुसऱ्या खोलीकडं जाताना ऐकणं काय असतं, ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल.

पण सगळ्यात जास्त मी जळले ते मुली बघायच्या कार्यक्रमांवरून. आमच्या भावकीत कुणाच्याही मुलीला बघायला पाहुणे येणार असले की चंदगडचीला बोलावणं यायचं. न्यायला गाडी यायची, परत येताना खण-नारळ, कधी साडीसुद्धा. ती मुलीच्या शेजारी बसायची, आणि लग्नं जमायची. ‘हिचा पायगुण चांगला’ असं सगळे म्हणायचे. मी थोरली, शिकलेली, चार माणसांत बसवण्यासारखी. मला कुणी बोलवायचं नाही. कार्यक्रम आमच्याच घरी असला तर मला पोह्यांच्या निमित्तानं स्वयंपाकघरात ठेवायचे. कहर म्हणजे माझ्या सख्ख्या भावाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा वडगावहून गाडी आली ती तिच्यासाठी. मीच हट्टानं त्या गाडीत बसून माहेरी गेले.

तिथं वहिनीला मी टोमणा मारला, ‘माहेरातसुद्धा आता आमची गरज उरली नाही वाटतं.’ वहिनी बिचारी साधी. चंदगडची तिथंच कोथिंबीर निवडत बसली होती, तिच्यादेखत म्हणाली, ‘अवो वन्सं, तुमास्नी शेजारी बसवून पोरीचं वाटोळं करू व्हय? तुमी बसला की पोर काळी दिसंल. ह्या बसल्या की कशी उजळ दिसती.’

मी चंदगडचीकडं बघितलं. तिनं कोथिंबिरीची पिवळी पानं बाजूला काढली आणि चिरायला घेतली.

परत येताना गाडीत मी विचारलं, ‘तुला हे ठाऊक होतं?’

‘पयल्याच बारीला कळलं की.’

‘मग जातेस कशाला?’

‘पोरीचा हात लई थरथरत असतोय, अक्का. धा माणसं तिला खालवर बघत असत्यात. पदराखालनं कुणीतरी धरायला पायजे न्हवं? तुमी सगळ्या पोह्यात गुतलेल्या असतासा.’

एखाद्या बऱ्या बाईला हे ऐकून तिची दया आली असती. मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, भावकीतल्या निम्म्या मुलींनी आयुष्यातल्या सगळ्यात अवघड तासाला हिचा हात धरलेला आहे, आणि माझा एकीनंही नाही. त्या मुली माहेरपणाला आल्या की आधी हिला भेटायला का येतात, ते मला त्या गाडीत समजलं.

मग आमच्या घरातली पाळी आली. माझी मुलगी बँकेत लागली होती. मलकापूरचं स्थळ आलं, मुलगा पुण्यात नोकरीला, दोघं आधी फोनवर बोललेले आणि एकमेकांना पसंत. राहिला होता तो घरच्यांचा कार्यक्रम. सासूबाईंनी आदल्या दिवशी मांडणी सांगितली. ‘वडगावची आत ऱ्हाईल. चंदगडची पोरीजवळ बसंल.’

‘मी न्हाय बसणार,’ चंदगडची म्हणाली. ‘इतक्या पोरींच्या शेजारी बसलो, हिच्या शेजारी न्हाय. अक्का बसतील.’

‘अगं, खुळी का शाणी तू! ही लख्ख गोरी जवळ बसली तर पोर आणिक काळी दिसंल!’

‘दिसू द्या की आत्याबाई. काळीच हाय ती. लग्नानंतर मी काय रोज तिच्या सासरी जाऊन जवळ बसणार हाय?’

सासूबाई माझ्याकडं वळल्या. हे मोडून काढायला आता मी एकटीच उरले होते, आणि ‘मी आपली आतच बरी’ हे वाक्य माझ्या तोंडात तयारही होतं. स्थळ चांगलं होतं, मुलीच्या मनात भरलेलं होतं, हातचं गेलं असतं तर मीच जबाबदार धरले गेले असते. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती काकूकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती, आणि असं तिनं फार वर्षांत बघितलं नव्हतं.

‘मी बसते,’ मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या समोर मी तिच्याजवळ बसले आणि पदराखालून तिचा हात धरला. तो थरथरत नव्हता. थरथरत होता तो माझा. मुलाच्या आत्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, पुन्हा माझ्याकडं. ‘आई येवढी गोरीपान. मग मुलगी कुणावर गेली म्हणायची?’

सासूबाई ‘आज्ज्यावर’ म्हणायला तोंड उघडत होत्या.

‘काकूवर,’ माझी मुलगी म्हणाली.

त्याच वेळी चंदगडची चहा घेऊन बाहेर आली. आत्यांनी तिला न्याहाळलं आणि समाधानानं मान हलवली. ‘व्हय की. अगदी तसंच की हो.’ ती दुसऱ्या घरातून सून म्हणून आलेली, तिचं आणि मुलीचं रक्ताचं काही नातं नाही, हे त्यांना कुणीच सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. ज्याला मुलीनं फोनवर आधीच सगळं सांगितलेलं असावं तो मुलगा मोठ्यानं हसला. लग्न तिथंच ठरलं. मी मात्र तिथं बसून मनात एकच घोकत होते, एकदा तरी, पाहुण्यांपुढं खोटं का होईना, ‘आईवर’ म्हणाली असती तर काय झालं असतं?

गेल्या उन्हाळ्यात चंदगडची आजारी पडली आणि पंधरा दिवसांत गेली. मुलगी पुण्याहून आली होती, शेवटपर्यंत तिच्या उशाशी बसून होती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिचा धीर सुटला. तिनं इकडंतिकडं बघितलं, मग माझ्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडायला लागली. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते, कारण चंदगडचीला समोरच्यानं खोटं बोललेलं कधी चाललं नाही. मनात आलं, आता तरी ही माझ्याकडं आली.

मग मलाही रडू आवरेना.