चाळीस मिनिटांत महायुद्ध

थोरले काका सोमवारी सकाळी गेले. आई, बाबा, काकू ही मंडळी त्याआधीच गेली होती. त्यामुळे पहिल्या महायुद्धाच्या कारणांविषयी लिहायला हरकत घेणारे आता कोणी उरलेले नाही.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी इतिहासात नापास झाले. अज्ञानामुळे नव्हे, घड्याळामुळे. महायुद्धाची कारणे चाळीस मिनिटांत लिहायची होती आणि चाळिसाव्या मिनिटाला मी पार्श्वभूमीच्या दुसऱ्या पानावर होते. (युद्ध सुरू व्हायला अजून त्रेचाळीस वर्षे होती.) काका निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी बाबांना सुनावले, की पेठेतल्या घराघरांतून पोरे कॉम्प्युटरच्या क्लासला जात आहेत, हिलाही घाला. बाबांनी ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत मुदत मागून घेतली.

मग त्यांनी युक्ती काढली. म्हणाले, देश लक्षात ठेवू नकोस, घरची माणसे धर, पेन थांबणार नाही. ऑस्ट्रिया म्हणजे काका: घराणे जुने, मानपान मोठा. जर्मनी म्हणजे काकू, कारण काका म्हणतील त्याला त्यांचा आधीच पाठिंबा. रशिया म्हणजे आई: रागवायला आठवडा लागतो, पण एकदा निघाली की परत फिरवता येत नाही. स्वतःकडे त्यांनी सर्बिया घेतला. तात्कालिक कारणही घरात तयार होते. आमच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीचे निमंत्रण थोरल्या भावाला घरी जाऊन, अक्षता देऊन करायचे, ते बाबांनी फोनवरून केले होते. फोन नवा होता आणि कोणाला तरी करायचा होता! काका आले, पण नुसता वरणभात जेवले.

युक्ती लागू पडली. जुलैतल्या एका सकाळी मी एकोणचाळीस मिनिटांत युद्ध पेटवले. कच्च्या कागदावर घरची नावे आणि कंसात देश; मग नुसते देश घालून पक्की प्रत. दुपारी काका-काकू आले. काय लिहितेस ते बघू तरी, असे काका म्हणाले. मी अभिमानाने कागद आणून दिले. कच्चे.

काकांनी खिशातले लाल पेन काढले. ते वाचत गेले आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारत गेले. 'मानापमानाच्या जुनाट कल्पना' ह्या शब्दांखाली त्यांनी पट्टी मागून घेऊन रेघ मारली. आई चहा गरम करायला आत गेली आणि आतच राहिली. (सैन्याची जमवाजमव, हे मला तेव्हाही सुचले.) बाबा खिडकीतून टिळक रोड बघत होते. आमच्या खिडकीतून टिळक रोड दिसत नाही.

"दहापैकी सहा," काका म्हणाले. "मांडणी ठीक आहे. तात्कालिक कारण अपुरे. फोन तीनदा तुटला आणि तिन्ही वेळा मीच उलट लावला. आपलेच निमंत्रण घ्यायला. हे कुठे आहे ह्यात?"

"दादा, पोरीने ते सरावासाठी..."

"तू गप्प बस, सर्बिया."

मग त्यांनी पेनाला टोपण लावले, उठले आणि काकूंना म्हणाले, "चला, जर्मनी."

काकू कप अर्धा ठेवून निघाल्या.

ऑक्टोबरात कारणे आलीच नाहीत. युद्धाचे परिणाम लिहा, असा प्रश्न आला. तीन महिने दोन्ही घरांत बोलणे बंद होते, तेव्हा परिणामांचा माझा अभ्यास दांडगा होता. इतके सुचले, की घंटा झाली तेव्हा मी पहिल्याच परिणामावर होते. पुन्हा नापास.

काका पुढे सहा वर्षे बाबांशी बोलले नाहीत. पण निकालाच्या आठवड्यात कॉम्प्युटरच्या क्लासचा फॉर्म त्यांनी पोस्टाने पाठवला. भरून.

क्लास केला. आता वीसेक वर्षे हिंजवडीतल्या एका कंपनीत आहे. कोणते काम किती दिवसांत होईल, हे सगळ्यांना ठरवून देणे, एवढेच माझ्याकडे असते. अजून एकही वेळेत झालेले नाही.