तुऱ्यातलं बी

आष्ट्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात माझी पत्नी जीवशास्त्र शिकवते. मी सांगलीत वर्तमानपत्राचा उपसंपादक. वेगळं असेल ते पहिल्या ओळीत घ्यायचं, ही आमच्या धंद्यातली सवय तिनं वर्गात नेली. प्रत्येक धडा अपवादानं सुरू व्हायचा. सस्तन असून अंडी घालणारा प्लॅटिपस, हवेत श्वास घेणारा मासा, कासच्या पठारावर किडे खाणारी दवबिंदू नावाची वनस्पती. सैन्यभरतीसाठी पहाटे धावून येणारी मागच्या बाकांवरची मुलं एरवी पेंगत. आता जागी राहू लागली.

मग घटक चाचणी झाली. ‘सस्तन प्राण्यांची लक्षणे लिहा’ या प्रश्नाला निम्म्या वर्गाचं उत्तर होतं : ते अंडी घालतात.

प्राचार्यांनी उत्तरपत्रिका तिच्यापुढं ठेवल्या. “मॅडम, गोष्टी छान आहेत. पण बोर्डाला प्लॅटिपस चालत नाही. शनिवारी परत चाचणी घ्या. हेच निघालं तर सोमवारपासून फळ्यावर मुद्दे आणि मुलांनी उतरून घ्यायचे.”

“उतरूनच घ्यायचं तर गाईड आहे की. मी कशाला हवी?” ती घरी आल्यावर म्हणाली. जेवताना दुसरा विषय निघाला नाही.

शुक्रवारी तिला न्यायला मी जरा लवकर पोचलो आणि वर्गाबाहेर व्हरांड्यात थांबलो. खिडकी उघडी होती.

“ऊस कशापासून येतो?” तिनं विचारलं.

“कांडीपासनं!” सगळा वर्ग.

“म्हणजे झाडं कांडीपासून येतात. लिहून घ्या.”

बाकं करकरली. “आवं मॅडम, असं कसं?” पुढच्या बाकावरची मुलगी उठली. “ज्वारी काय कांडीनं पेरत्यात व्हय?”

“लिही की गप,” मागून आवाज आला. “हिच्या रानात हरभऱ्याच्या कांड्या लावल्यात लय!”

“तुझ्या रानात लाव जा!”

हशा ओसरल्यावर पत्नी म्हणाली, “मग नियम काय?”

“झाडं बियांपासनं येत्यात.”

“आणि ऊस?”

“त्यो येगळा.”

“आता प्लॅटिपसचं सांगा.”

मग तीच मुलगी म्हणाली, “त्यो उसागत हाय, मॅडम.”

शनिवारच्या उत्तरपत्रिका प्राचार्यांनी स्वतः चाळल्या. बहुतेकांनी आधी नियम लिहिला होता : सस्तन प्राणी पिल्लांना जन्म देतात, दूध पाजतात. काहींनी खाली जोडलं होतं : प्लॅटिपस उसासारखा आहे.

“गुण द्या,” ते म्हणाले. “बोर्डात ऊस तेवढा लिहू नका म्हणावं. पण काय हो मॅडम, उसाला बी नसतंच ना?”

“असतं, सर. तुऱ्यात.”

“आमचं आयुष्य उसात गेलं. तुरा आला की साखर उतरते, एवढंच आम्हाला ठाऊक. बी कुणी बघितलंय?”

सोमवारी ते उसाचा तुरा दुचाकीला बांधून घेऊन आले. शिक्षकांच्या खोलीत भिंगाखाली तो विस्कटला, वर पंखा चालू होता. पांढरा कापूस सगळ्यांच्या चहात पडला. बी सापडेपर्यंत दोन तास गेले, आणि फळ्यावरच्या मुद्द्यांचा विषय काढायला कुणाला सवड झाली नाही.