काशाची वाटी

दादा गेल्याचा निरोप नांदुऱ्याहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने आणला. मी वरवट बकालला अंगणात मिरच्या वाळत घालत होते. "बाई, तुमचे वैद्यदादा गेले," एवढंच म्हणून तो उभ्या गाडीकडे वळला. मला रडू आलं नाही, आधी रागच आला. गावाला स्वस्थ झोपवणारा माझा भाऊ स्वतः कधी नीट झोपला नाही, आणि झोपला तो असा...

दादा नांदुऱ्यात वैद्यकी करायचा. काळजीने पोखरलेली माणसं हा त्याचा खास प्रांत. कापसाच्या भावाने झोप उडालेले व्यापारी, माहेरच्या आठवणीने सुकलेल्या सुना, सगळ्यांना औषध कमी आणि पथ्य जास्त. चहा सोडा, मिरची आवरा, दिवेलागणीला मुगाचं वरण नि भाकरी खा, दुपारी झोपू नका, आणि निजताना तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासा. ज्याच्याकडे वाटी नसे त्याला तो घरातली द्यायचा. माणसं बरी व्हायची, हे बहीण असूनही कबूल करावं लागतं.

पण गावात एक रीतच पडून गेली होती. वैद्य हमखास घरी सापडतो तो जेवणाच्या वेळी, म्हणून लोक नेमके तेव्हाच यायचे. दादा पाटावर, आणि समोर कुणीतरी आपलं रडगाणं लावून बसलेलं. "जेवताना बोलू नोको, घास चावून खाय, डोकं शांत ठेव," असं तो बजावायचा, तेही स्वतःचा घास हातात धरून, भाकरी गार होईपर्यंत. वहिनी आत भांडी आपटायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी चिडवलं की हसायचा. "त्याहिले मी हाय म्हणून धीर वाटते. दार कसं लावू, शांते?"

गेल्या भाऊबीजेला तो फार थकलेला दिसला. ओवाळून झाल्यावर म्हटलं, पैसे नकोत, आज घटकाभर निजून राहा, मी तुझे पाय घासते. चक्क कबूल झाला. वहिनीने तूप पातळ करून आणलं, पण फडताळात वाटी नव्हती.

"वाटी कोठी हाय?" मी विचारलं.

"सरकीवाल्याच्या बायकोले देल्ली. लय दिवस झोप नव्हती बिचारीले."

"मग मागून आणते."

"काऊन? तिचा आता कुठी डोळा लागून राह्यला. तुही ओवाळणी पुढच्या खेपेले."

मी नुसत्या हातानेच तूप चोळायला घेतलं... तेवढ्यात दारात हाक आली आणि तो उठला. फरशीवर उमटलेली तुपाची पावलं वहिनी कितीतरी वेळ पुसत होती.

तेरवी झाल्यावर सरकीवाल्याची बायको वाटी घेऊन आली. चिंचेने लखलखीत घासलेली. "मले आता झोप लागते, बाई," म्हणाली आणि रडत गेली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी दारात कुणीच आलं नाही. इतकी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. वहिनी ताटावर नुसतीच बसून होती. मी तिचे पाय मांडीवर ओढले, तूप लावलं आणि वाटी फिरवायला लागले. मग ती म्हणाली, "बाई, आता तुमचे आणा." आम्ही दोघी तिथेच, उघड्या फरशीवर, भरदुपारी मेल्यासारख्या झोपलो.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. दुपारी झोपलो म्हणून दादा रागावेल, हेच आधी मनात आलं. मग वाटी दिसली, आम्हा दोघींच्या मध्ये, तुपाने काळी पडलेली. औषध खरंच लागू पडत होतं. त्याच्या घरात ते पहिल्यांदा घेतलं गेलं, एवढंच.