भिंतीवरच्या आईसाहेब

आता काय सांगू तुम्हाला, माणूस नोकरीतून निवृत्त झाला की त्याने तोंडानेही निवृत्त व्हावं.

मला जुने दिवाळी अंक जमवायचा नाद. मजकुरासाठी नव्हे, मुखपृष्ठांसाठी. तेव्हाचे चित्रकार नऊवारीच्या निऱ्या अशा रंगवायचे की आतली पानं कोरी असती तरी चाललं असतं. पालघर-बोईसरचा एकही रद्दीवाला मी सोडलेला नाही.

या नादापायी मुलाची दोन स्थळं मोडली. "सासरे रद्दी गोळा करतात म्हणे," असा निरोप आला. तिसरे पाहुणे मुरबे गावचे. बायकोने सगळे गठ्ठे दिवाणात कोंबले आणि बजावलं, "आज अंकांबद्दल एक शब्द काढायचा नाही."

भिंतीवर फक्त एक मुखपृष्ठ राहिलं. नाव, किंमत झाकून फ्रेम केलेलं. नथ घातलेली, हाती निरांजन धरलेली बाई. ते उतरवायला माझा जीव होईना.

मुलीचे मामा आत आले, चपला काढल्या आणि थेट त्या चित्रापुढे वाकले.

"आईसाहेब ना तुमच्या?"

नमस्कार करून झालेल्या माणसाला 'हा दिवाळी अंक आहे' असं कसं सांगणार? त्यात बायकोची बंदी.

"हो," मी म्हणालो.

"कधी गेल्या?"

"झाली बरीच वर्षं."

माझी आई सरावलीला धाकट्या भावाकडे असते. त्याच सकाळी तिने फोन करून मी गोळी घेतली का, ते विचारलं होतं.

मुलीच्या आजीने अंबाड्यातलं फूल काढून फ्रेमला खोवलं. मुलीलाही पाया पडायला लावलं. माझा मुलगा पोह्यांच्या बशीत तोंड घालून बसला.

"सासू कशी होती गं?" आजीने बायकोला विचारलं.

"फार गरीब," माझ्याकडे बघत बायको म्हणाली. "इतक्या वर्षांत मला एका शब्दाने बोलल्या नाहीत."

होकार आला. मी रोज खरं सांगायचं ठरवायचो, आणि रोज बायको म्हणायची, "सांगा, म्हणजे हेही मोडेल."

साखरपुडा आमच्याच घरी होता, आणि आई आली. नातवाचा साखरपुडा, तिला कोण अडवणार? येऊन मामांच्या समोरच बसली.

"या कोण?" मामांनी विचारलं.

"मी याची आई."

मामा भिंतीकडे बघायला लागले, मी जमिनीकडे. शेवटी सगळं सांगून टाकलं. अंक, चित्र, बंदी.

मुलीची आजी मात्र शांत. "मला पयल्याच दिवशी कळलं होतं. ही बाई आमच्या पेटीच्या झाकणाला चिकटवलेली हाय."

"मग फूल कशाला वाहिलंत?" मी विचारलं.

"मला वाटलं, बिचाऱ्याची आई गेली, घरात फोटोपन नाय, म्हणून चित्रातल्या बाईला आई मानतो. असला मायाळू सासरा मिळतोय म्हणून तर पोर दिली. आता दिली ती दिली."

आईने सगळं ऐकून घेतलं. चष्मा लावला, चित्राजवळ जाऊन ते नीट निरखलं.

"देखणी आहे," ती आजींना म्हणाली. "तिलाच सांगा, याला ठेवून घ्यायला."