आधी भिजू द्यायचं

माझा हात वाढतोय हे सगळ्यात आधी ओळखलं ते गोल बाजारातल्या बांगडीवाल्यानं. लग्न होऊन रायपूरला आले तेव्हापासून मी त्याच्याकडेच बांगड्या भरत होते. माप सव्वादोन. तो न विचारता काढायचा. भाचीच्या लग्नासाठी म्हणून गेले तर बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. त्यानं साबण लावला, हात दाबून पुन्हा चढवली, आणि काच तडकली.

"दीदी, आप मोटी तो हुई नहीं," माझा पंजा उलटासुलटा करून पाहत तो म्हणाला, "हाथ ही बड़ा हो गया है।"

मी हसले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर कुणाचा हात वाढतो? पण घरी येऊन विचार करायला लागले तर बाकीच्याही गोष्टी आठवल्या. चपला दोनदा बदलल्या होत्या. अंगठी सोनाराकडून कापून काढली होती. घोरते म्हणून नवरा बाहेरच्या खोलीत झोपायला लागला होता. आमच्या विमा कार्यालयात नवीन आलेल्या साहेबांनी फोनवर माझा आवाज ऐकून मला 'सर' म्हटलं होतं आणि सगळे पोट धरून हसले होते. मीही हसले होते.

डोकं दुखतं म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी नाडी पाहायच्या आधी माझा चेहराच बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "जुना फोटो आहे का एखादा?" मोबाइलमध्ये होता, मुलगी आठ वर्षांची असतानाचा. त्यांनी फोटो माझ्या गालाशेजारी धरला. त्यातली बाई आणि मी बहिणी वाटलो असतो, सख्ख्या नाही, चुलत.

मेंदूच्या तळाशी एक वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यावर गाठ झाली होती, आणि ती गाठ शरीराला सांगत होती, वाढ, अजून वाढ. नागपूरला ऑपरेशन झालं, नाकातून. गाठ निघाली, पण एक तुकडा रक्तवाहिनीला चिकटलेला होता, तो सर्जननं सोडून दिला. त्याला गप्प ठेवायला दर महिन्याला एक इंजेक्शन. किती दिवस, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पुढचं पुढे पाहू." त्याचा अर्थ मला कळला.

ते इंजेक्शन साधं नव्हतं. एका छोट्या काचेच्या बाटलीत गोठवून वाळवलेली पांढरी भुकटी, आणि वेगळ्या सिरिंजमध्ये तिचं पाणी. नागपूरच्या सिस्टरनं पहिला डोस देताना मला शेजारी बसवून सगळं दाखवलं. पुडा फ्रिजमध्ये ठेवायचा, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नाही, कारण गोठला तर वाया. द्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढायचा, आपोआप कोमट होऊ द्यायचा. पाणी बाटलीच्या भिंतीवरून हळू सोडायचं आणि मग हात काढून घ्यायचा. भुकटी स्वतःहून भिजली पाहिजे. पूर्ण भिजल्यावर बाटली हलकेच घोळवायची, पातळ दुधासारखं दिसेपर्यंत. आणि दिसलं की लगेच कमरेच्या स्नायूत खोल द्यायचं. थांबलं तर कण खाली बसतात, सुईत अडकतात.

"तिकडे देणाऱ्या सिस्टरला हे सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांना माहीत नसतं. हे औषध क्वचितच येतं."

मी रायपूरला आले. शंकर नगरमधल्या माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीतच एक लहानसं नर्सिंग होम आहे. जेवणाच्या सुट्टीत जाऊन येता येईल म्हणून तेच निवडलं. तिथली सिस्टर माझ्यापेक्षा वयानं लहान, धमतरीकडची, हात भरभर चालणारा. डोसच्या दिवशी व्हरांड्यात माणसं उभी होती. मी सांगायला सुरुवात केली तशी तिनं पिशवीतून पुडा घेतलाच.

"हव दीदी, हव. पाउडर वाला है न? दिन भर यही करते हैं।"

अँटिबायोटिकची भुकटी जशी विरघळवतात तशी तिनं केली. थंडगार बाटली, पाणी भसकन आत, आणि मग जोरजोरात हलवणं. मी "थांबा, थांबा" म्हणत होते आणि ती "लेटिए" म्हणत होती. अर्ध्यावर सुई अडली. तिनं दट्ट्या दाबला, पुन्हा दाबला. सुई बदलून दुसऱ्या बाजूला टोचलं, तीही अडली. सिरिंजमध्ये औषध तसंच राहिलं. किती आत गेलं, किती राहिलं, कुणालाच सांगता येईना. सिस्टरचा चेहरा उतरला, पण तोंडातून निघालं ते हे, "दवाई ही खराब होगी।"

मी कमरेला कापूस दाबून ऑफिसला परत गेले. संध्याकाळी घरी येईपर्यंत रडले नाही. घरी आल्यावर मात्र रडले, आणि ते दुखण्यानं नव्हतं. आपला जीव असा कुणाच्या घाईवर टांगलेला आहे, याचा संताप होता तो.

नवरा उरला औद्योगिक भागातल्या रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला आहे. मोठ्या मशिनीला भीत नाही, पण सुई पाहिली की मान फिरवतो. तो म्हणाला, "काहून त्रास करून घेऊन राहिली? दर महिन्याले नागपूरले जाऊ. सकाळच्या गाडीनं जायचं, रात्री वापस."

"आणि तुमची शिफ्ट?"

"बदलून घेईन."

"किती वर्षं बदलून घेसान? हे आता माह्या जन्माचं आहे. जन्माचं काम घराजवळच झालं पाहिजे."

"मग त्या बाईकडेच जातेस का पुन्हा?"

"तिच्याकडेच," मी म्हटलं. "दुसरीकडे गेले तर तिथंही हेच होईन. हिला निदान एकदा अडकलेली सुई माहीत आहे."

नवीन डोस मागवला. तो यायच्या आधी मी जुन्या पुड्यातला कागद काढून बसले. बारीक इंग्रजी अक्षरं. भिंगाखाली एकेक ओळ वाचून सोप्या हिंदीत मनाशी जुळवत राहिले, कारण मला ते तिच्यासमोर अडखळत बोलायचं नव्हतं. मग एका संध्याकाळी, गर्दी नसताना, तिच्याकडे गेले. औषध नेलं नाही. मला पाहून ती आधीच ताठ झाली.

"शिकायत करने आई हैं?"

"नहीं. मुझे हर महीने आना है. आपके ही पास. इसलिए बात करने आई हूँ."

मी तिला नागपूरला पाहिलेलं सगळं सांगितलं. ती हाताची घडी घालून ऐकत होती. मी म्हटलं, भिजवायचं काम मी करते, तुम्ही फक्त द्या. ते तिला लागलं.

"तो फिर मैं काहे की सिस्टर? मरीज़ दवाई बनाएगा?"

"फिर आप बनाइए. मैं बगल में बैठूँगी. पर जल्दी नहीं करनी है, दीदी."

वयानं लहान बाईला मी दीदी म्हटलं, तसं ती जरा हसली. सुई अडकली त्या दिवसाची बाटली तिनं फेकली नव्हती, कपाटात ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. तिनं ती उजेडाकडे धरली. तळाशी पांढऱ्या गाठी चिकटलेल्या. "सूखी ही रह गई थी अंदर से," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. औषध खराब होतं, हे त्यानंतर ती कधी बोलली नाही.

पुढच्या महिन्यात पुडा बाकड्यावर माझ्या मांडीशेजारी ठेवून मी अर्धा तास थांबले. मग तिनं पाणी सोडलं आणि दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली. बाहेरून कुणीतरी हाक मारली. "रुको," ती ओरडली. आम्ही दोघी त्या बाटलीकडे अशा पाहत होतो जसं काही आतून कुणी बोलणार आहे. भुकटी कडेनं राखाडी झाली, मग मधून, मग सगळी भिजली. तिनं घोळवलं, ओढलं, सुई बदलली, आणि दिलं. दट्ट्या शेवटपर्यंत गेला. तिनं रिकामी सिरिंज माझ्या डोळ्यांसमोर धरली.

मग मे आला. डोसला दोन दिवस होते आणि दुपारी धुळीचं अंधड सुटलं. आमच्या पाऱ्यातलं, म्हणजे मोहल्ल्यातलं, गुलमोहराचं झाड तारांवर पडलं, ट्रान्सफॉर्मर जळाला, आख्ख्या पाऱ्याची लाइट गेली. लाइनमननं सांगितलं, आज काही येत नाही. बाहेर अंग भाजत होतं, आणि फ्रिजमध्ये नवऱ्यानं लावलेल्या थर्मामीटरचा काटा वर सरकायला लागला. मी फ्रिज उघडायचं बंद केलं. नवरा ड्यूटीवर. शेजारणीकडेही लाइट नव्हती, पण तिनं तिच्या फ्रिजरमधला उरलेला बर्फ दिला. पुडा बर्फाला लागू नये म्हणून मी तो जाड टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातला, डबा बर्फाच्या पिशवीत, आणि ऑटोत बसले. रस्ताभर डबा पोटाशी धरला होता. ऑटोवाल्याला वाटलं कुणाचा डबा घेऊन दवाखान्यात चालले. "गरम है क्या खाना?" त्यानं विचारलं.

नर्सिंग होममध्ये जनरेटर चालू होता. सिस्टरनं डबा हातात घेतला, उघडला, पुड्याला हात लावून पाहिला. "ठंडी है. जमी नहीं है." लसींच्या फ्रिजमध्ये तिनं जागा केली. मग म्हणाली, "दो दिन ही तो बचे हैं. डॉक्टर से पूछ लीजिए, आज ही दे दें?"

नागपूरला फोन केला. चालेल, म्हणाले.

त्या दिवशी मी शेजारी बसले नाही. पलंगावर पालथी पडून भिंतीकडे तोंड करून राहिले. मागे काचेचा बारीक आवाज झाला आणि मग बराच वेळ काहीच नाही. ती वाट पाहत होती. मला तिला काही सांगावं लागलं नाही.

आता रक्ताच्या तपासणीत वाढीच्या हार्मोनचा आकडा मर्यादेत असतो. हात पूर्वीसारखा झाला नाही, हाड वाढलं ते वाढलं. जबडाही तसाच. पण डोकं दुखत नाही, घोरणं कमी झालं आहे, आणि नवरा आतल्या खोलीत परतला आहे. आरशातल्या बाईशी माझी ओळख झाली आहे.

गेल्या महिन्यात ऑफिसात असताना सिस्टरचा फोन आला. भिलाईचे एक गृहस्थ तेच औषध घेऊन आले होते, थेट बर्फाच्या पेटीतून, आणि लगेच द्या म्हणून भांडत होते.

"मैंने बिठा दिया है बेंच पर," ती म्हणाली. "बोल रहे हैं ट्रेन छूट जाएगी. आप ज़रा आकर बैठिए न उनके पास."

मी साहेबांना सांगून उठले. ते गृहस्थ बाकड्यावर घड्याळ पाहत बसले होते. त्यांचे ओठ, नाक, हाताची बोटं पाहिली आणि मला ओळख द्यायची गरजच पडली नाही. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि घड्याळ पाहायचं थांबवलं.

"कब से है?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सांगायला लागले.