बायबलावर चालेल असा रंग

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, दारव्ह्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठींवर मार्का मारायचे. ती शाई एवढी जहाल, की गाठ दूरच्या गिरणीत जाऊन तिचा शर्ट झाला तरी पाठीवर जिनिंगचा नंबर उमटायचा. असा शर्ट मी स्वतः एका माणसाच्या अंगात पाहिला आहे. तो वळला नाही, म्हणून चेहरा सांगता येत नाही.

सासूबाईंना, म्हणजे मामीजींना, वाचता येत नाही. लग्न झाल्यापासून रोज दिवेलागणीला मामाजींनी बायबल उघडायचं आणि मामीजींनी गुडघ्याला तेल चोळत ऐकायचं, हा त्या घरचा नेम. लाइट गेली, पाहुणे आले, जावई रुसून बसला, तरी वाचन चुकलं नाही. जावई म्हणजे मीच, आणि माझ्या रुसण्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

मग मामाजींच्या डोळ्याच्या पडद्याला दुखणं लागलं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, उरलं ते सांभाळा. दवाखान्यातून आल्यावर मामाजींनी मला अंगणात गाठलं.

"जवाईबापू, तिले सांगू नका. कळलं तं थे ऐकणंच बंद करन. म्हणन, डोळ्याले कायले तरास देता. मंग संध्याकाळी आमी दोघं काय भिताडाकडे पाहत बसू?"

त्यांचा बेत साधा होता. मामीजींच्या आवडीच्या जागा रंगवून ठेवायच्या. जागा सापडली की पुढचं अर्धं मामाजींना पाठच होतं.

आता पेनांच्या बाबतीत माझ्याइतका जाणकार जिल्ह्यात नाही. कचेरीत मी एवढे पेन झिजवले, की त्यांची टोपणं रचली असती तर राळेगावपर्यंत पूल झाला असता. मी बाजारात जाऊन दुकान उपसून आणलं. पण बायबलाचा कागद म्हणजे कांद्याचा पापुद्रा. आधी पिवळा हायलायटर ओढला.

"मारा ना आता," मामाजी म्हणाले.

"मारला ना, मामाजी."

"कुठी?"

पिवळा त्यांना दिसतच नव्हता. जेल पेनची रेघ वाळेना. पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर तिची जुळी बहीण. बॉलपेननं तर कागदात अशी चारी पडली, की तिला पाणी सोडून हरभरा घेता आला असता.

मी चहा प्यायला आत गेलो, आणि तेवढ्यात मामाजींनी पेटीतून जिनिंगचा जुना मार्कर काढला. आयुष्यभर ज्या शाईनं दगा दिला नाही, ती आता कशी देईल, असा त्यांचा हिशेब. त्यांनी स्तोत्रांत एक रेघ मारली. ती पानापानांतून पाझरत, नीतिसूत्रांचं पुस्तक ओलांडून थेट यशयाच्या पुस्तकात निघाली. मी वेळेवर पोचलो म्हणून, नाही तर शेवटच्या प्रकटीकरणातून बाहेर पडून खाटेला लागली असती.

मामाजी त्या जांभळ्या डागावरून बोट फिरवत त्याची कड शोधू लागले. मी मार्करला टोपण लावून तो पेटीच्या तळाशी टाकला.

माझी बायको शाळेत चित्रकला शिकवते. ती म्हणाली, "शाई नकोच. रंगीत पेन्सिल घ्या, टोक बोथट करून आडवी फिरवा. कोरडा रंग पाझरत नाही." हे मलाही सुचणारच होतं, ती आधी बोलली एवढंच. बायबलाच्या शेवटी असलेल्या नकाशाच्या कोऱ्या पाठीवर आम्ही लाल, हिरवा, निळा फिरवून पाहिला. मागं काही उमटलं नाही, आणि गडद रंग मामाजींना दिसला.

"काय करून राह्यले?" दारात मामीजी.

"काही नाही. जवाईबापूच्या हातून शाई सांडली," मामाजींनी बेधडक माझा बळी दिला.

मामीजी भिंतीला धरून खाली बसल्या. डाग पाहिला, पेन्सिली पाहिल्या.

"डोळ्यानं दिसत नाही तं सांगाव ना. पोळ्याच्या आधीपासून तुमी आपल्या मनचं वाचून राह्यले."

"कोन म्हनते?"

"विहिरीवरच्या बाईच्या गोष्टीत तुमी परवा मोटरपंप बसवला."

मी आजवर मारलेल्या सगळ्या थापा त्या मोटरपंपापुढं पाणी भरतील. सासऱ्यांबद्दल एवढा आदर मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

"मंग बोलली काहून नाहीस?" मामाजींनी हळूच विचारलं.

"बोलली असती तं तुमी वाचनच सोडलं असतं. मले ऐकाचं होतं."

मग मामीजींनी पेन्सिलींचा डबा आपल्याकडं ओढला आणि रंग वाटून टाकले. दुखण्यात ऐकायचं ते लाल. पेरणीच्या, पिकाच्या गोष्टींना हिरवा. झोप येत नाही तेव्हा ऐकायचं ते निळं. बायको वाचून जागा काढत गेली आणि मामीजी स्वतः रंग फिरवत गेल्या. ज्या हातानं कधी पाटीवर रेघ ओढली नव्हती, तो हात समासाच्या बाहेर गेला नाही. आता जागा शोधायचं काम त्यांच्याकडं आलं. रंग पाहून त्या बरोबर पान उघडतात.

पण ओळ काही मामाजींना धरता येईना, वरची खालची एकमेकींत मिसळायची. तेव्हा चपलांच्या खोक्याच्या काळ्या झाकणात मी एका ओळीएवढी खिडकी कापली. ती पानावर ठेवली की एकच ओळ उघडी राहते. पुठ्ठा मामीजींच्या हातात, ओळ वाचून झाली की त्यांनी तो खाली घ्यायचा.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम थांबलो. मामीजींनी हिरवं पान काढलं, पुठ्ठा ठेवला. मामाजी वाचू लागले. दोन ओळी नीट गेल्या, तिसरीला त्यांनी पेरणाऱ्या माणसाच्या हाती सोयाबीनचं बियाणं दिलं. मामीजी दुसऱ्या हातानं तेल चोळत राहिल्या. पुठ्ठा जागचा हलला नाही. मामाजी खाकरले, नाक कागदाला टेकेपर्यंत वाकले, आणि एकेक अक्षर लावत ती ओळ होती तशी वाचली.

पुठ्ठा खाली सरकला.